दुष्काळातून वाचलेले जीवन : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर आपल्या बेळगाव-निपाणी भागात क्वचितच सापडेल. केडगावचे मुक्ती मिशन, त्यांची विद्वत्ता, त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर या गोष्टी आपण शब्बाथ शाळेतील मुलांना आवर्जून सांगतो. परंतु या सर्व कार्याच्या मुळाशी जो दुष्काळ होता, तो मात्र एका वाक्यात उरकला जातो. रमाबाईंचे जीवन समजून घ्यायचे तर त्या दुष्काळापाशी थोडे थांबले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. घरची भाषा मराठी, भोवतालची कन्नड, हा आपल्या सीमाभागातील लोकांच्या परिचयाचा अनुभव त्यांच्याही घरी होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ; पण शास्त्रीबोवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी रमेला शिकविले. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने घर सोडले. पुढची वर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर गेली.

1874 च्या सुमारास दक्षिणेत अन्नाची टंचाई पडली, आणि पुराण ऐकून दक्षिणा देणारे हातच रिकामे झाले. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. होते नव्हते ते विकून झाले. अंगमेहनतीचे काम करण्याची या कुटुंबाला सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. अखेर रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. मरणापूर्वी वडिलांनी रमेला जवळ घेतले, आपण तिला देवाच्या हाती सोपविले आहे आणि जन्मभर तिने त्याचीच सेवा करावी असे सांगितले. थोड्याच दिवसांत आईही गेली. तिला स्मशानात नेण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले. तिरडीचा चौथा भाग रमेने उचलला, पण उंची कमी असल्यामुळे तिला तो खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. काही महिन्यांनी थोरली बहीणही मरण पावली. रमेचे वय तेव्हा जेमतेम सोळा-सतरा होते.

त्यानंतर 1876 ते 1878 या वर्षांत तर फार मोठा दुष्काळ पडला. आपले बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा त्यात होरपळून निघाला. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच दुष्काळातून तगले, हे ध्यानात घेतले म्हणजे रमाबाईंची कथा फार दूरची वाटणार नाही.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी उत्तरेकडे निघाली. त्यांनी हजारो मैल तुडविले. पंजाबातल्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा झेलमच्या काठी वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून ती झोपत. भिजवलेले मूठभर धान्य मिठाबरोबर खात. देवळांतून देवळांत फिरताना त्यांची जुनी श्रद्धा हळूहळू ढासळत गेली. 1878 साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. काल ज्या मुलीला कोणी अन्न देत नव्हते तिला आज सभांतून मान मिळू लागला. पण दुःख संपले नव्हते. 1880 साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. 1881 मध्ये मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या.

इथवरची कथा वाचून कोणास वाटेल की इतके सोसलेल्या व्यक्तीला आपल्या जीवनाचे कार्य आपोआप सापडले असेल. तसे झाले नाही. नुसते सोसण्याने मनुष्य कडूही होऊ शकतो. रमाबाईंना पुष्कळ वाट चालावी लागली.

पतीच्या घरी असताना त्यांच्या हाती बंगालीतील लूकचे शुभवर्तमान आले होते. पुढे पुण्यास येऊन त्यांनी 1882 साली आर्य महिला समाज स्थापन केला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांना आश्रय देऊन नवे जीवन देणाऱ्या भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रीवर इतकी दया करावी हे यांना कोणी शिकविले, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची हकीकत ऐकविण्यात आली. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तरीही ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्ताची वैयक्तिक ओळख मात्र आणखी आठ-एक वर्षांनी झाली, असे त्या स्वतःच पुढे सांगत असत. ज्यांचा विश्वास सावकाश वाढतो त्यांना यात मोठा धीर आहे.

अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि तेथे मुलींना आपापले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. 1893 साली धर्मांतराच्या शंकेवरून मोठे वादळ उठले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

मग 1896 साल आले. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंच्या हाती या कामासाठी पैसा नव्हता. अमेरिकेहून येणारी मदत सदनाच्या विधवांसाठी होती. पण भुकेने व्याकूळ झालेल्या तरुण मुलीवर कोणते प्रसंग येतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या स्वतः तेथे गेल्या. सरकारी अन्नछत्रांतून आणि कामाच्या छावण्यांतून हिंडल्या. अनाथ मुलींना वाईट मार्गाला नेण्यासाठी टपलेली माणसे त्यांनी पाहिली. त्या मुलींमध्ये त्यांना वीस वर्षांपूर्वीची रमा दिसली असेल, तर नवल नाही. त्यांनी शेकडो मुलींना आपल्याबरोबर आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर हलविले. आरंभी राहण्यास धड छप्परही नव्हते.

येथे रमाबाईंच्या कार्याचे स्वरूपच पालटले. या मुली सर्व जातींच्या होत्या. भुकेने जात विचारली नव्हती, आणि रमाबाईंनीही विचारली नाही. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. 1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या, आणि केडगावात राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांवर गेली. ज्या कुटुंबाला हाताचे काम येत नव्हते म्हणून उपासमार सोसावी लागली, त्या कुटुंबातील या कन्येने मुक्तीत प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकविले. विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग तेथे चालत. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. 1912 साली गुलबर्ग्यास मुलींची शाळा निघाली आणि मनोरमाबाईंनी ती सांभाळली. अशा रीतीने रमाबाईंच्या जन्मभूमीकडे, कन्नड मुलखातही, त्यांचे कार्य पोहोचले.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. साध्या बायामाणसांना वाचता यावे, हा त्यांचा हेतू होता. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आता घरचे असे कोणीच उरले नाही. तरी त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. भाषांतर तपासून पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. ते पवित्र शास्त्र 1924 साली मुक्तीच्या छापखान्यातूनच छापून निघाले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही कथा सांगताना रमाबाईंच्या पदव्यांबरोबर ती तिरडीही सांगावी. आपल्या वर्गातही घरचे माणूस गमावलेली, उपाशीपोटी आलेली मुले असतात. त्यांना तुमचे दुःख देवानेच धाडले असे घाईने सांगू नये. रमाबाईंनी आपल्या दुःखाचे काय केले ते सांगावे. वडिलांनी त्यांना ज्या देवाच्या हाती सोपविले, त्याची खरी ओळख व्हायला सतरा-अठरा वर्षे गेली, आणि ओळख झाल्यावर त्या पहिल्याने आपल्यासारख्याच उपाशी मुलींकडे गेल्या. एवढे जरी मुलांच्या मनात राहिले तरी धडा पोहोचला असे समजावे.