थोर चित्रकाराचे शिष्यत्व

फ्लँडर्समधील विख्यात चित्रकार पीटर पॉल रूबेन्स १६२८ साली राजनैतिक कामगिरीवर माद्रिदला गेला. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता व त्याची कीर्ती युरोपभर पसरली होती. स्पेनच्या राजाच्या संग्रहात टिशियन या इटालियन चित्रकाराची अनेक तैलचित्रे होती. टिशियन १५७६ साली, म्हणजे रूबेन्सच्या जन्मापूर्वीच, निवर्तला होता. म्हणून त्याच्या चित्रांनाच गुरू मानून रूबेन्स त्यांच्या प्रतिकृती करू लागला. रंगाच्या थरावर दुसरा पातळ थर दिल्याने चेहऱ्याची कांती कशी उजळते, हे तो नवशिक्याच्या निष्ठेने अभ्यासू लागला. सम्राट पाचवा चार्ल्स व सम्राज्ञी इसाबेला यांचे टिशियनने काढलेले चित्र पुढे नष्ट झाले. आज ते जगाला रूबेन्सच्या प्रतिकृतीवरूनच ठाऊक आहे. शिष्याने गुरुऋण फेडले, ते असे!