केडगावच्या रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. त्यांचे संस्कृत, कलकत्त्यास मिळालेली पंडिता ही पदवी, विलायतेचा प्रवास, एवढे बहुतेकींना ठाऊक असते. मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले ते निराळ्या कारणाने. एका बाईच्या वाट्याला किती मरणे यावीत, आणि एवढे होऊन तिला देव कोठे भेटावा, हे मला त्यांच्या चरित्रात दिसते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. पुढे आईनेच रमाबाईंना शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा दानधर्म करून हात रिकामे झालेले, आणि भीक मागण्याची वा मजुरीची सवय नाही. त्या दुष्काळात थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी उत्तरेकडे गेली. झेलम नदीच्या काठी अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत निजत आणि वरून वाळू ओढून घेत. मूठभर धान्य मिठाबरोबर खाऊन दिवस काढीत.

1878 साली कलकत्त्यास मान मिळाला. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी लग्न केले. 1881 साली मुलगी झाली, मनोरमा. त्या संसाराला दोन वर्षेही झाली नाहीत तोच 1882 च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेव्हा बाईंचे वय चोवीससुद्धा पुरे नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगते. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. वैद्यक शिकावे म्हणून 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, पण कानांनी कमी ऐकू येई म्हणून ते राहिले. तेथेच त्याच वर्षी मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत मदत मिळवून 1889 साली मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, तेव्हाच्या गोदूबाई, याच सदनातल्या. मुलींना ख्रिस्ती करतात असा बोभाटा होऊन 1893 साली रानडे, भांडारकरांनी सदनाशी संबंध सोडला. त्या वादात कोणाचे किती चुकले, हे मी ठरवीत नाही. आपल्यांतल्या पुष्कळजणींना त्यांचे धर्मांतर आजही रुचत नाही, हेही मला माहीत आहे. पण विधवा मुलीला निजायला जागा आणि हाती पुस्तक कोणी दिले, हे तर नाकारता येत नाही.

आता मला सांगायचे आहे ते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नाही. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र वाचताना त्यांना हे उमगले. एवढ्या विदुषीने असे कबूल करावे याचे मला फार नवल वाटते. त्यानंतर ख्रिस्त त्यांना मतांच्या वादात राहिला नाही. जवळ बसलेल्या माणसासारखा तो त्यांच्या रोजच्या दिवसात आला. पैसा संपला, धान्य संपले, कोणी मुलगी आजारी पडली, तर त्या आधी त्याच्यापाशी बोलत आणि मग कामाला लागत.

1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे त्यांनी ऐकले. आपल्या घरच्या माणसांनी अन्नावाचून काढलेले दिवस त्यांना आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि बायका, सुमारे तीनशे, त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर नेले. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. एवढ्या जणींचे रोजचे दळण नि भाकरी, डोकी विंचरणे, खरूज धुणे, हे मनात आणून पाहा! विहिरी खणल्या, माग आणि तेलाचा घाणा घातला. आंधळ्या बायकांना बोटांनी वाचायला शिकविले. घरच्यांनी टाकलेल्या, फसविलेल्या बायकांसाठी कृपा सदन केले. आपली माणसे ज्या भुकेने नेली, तिच्याच तोंडून त्या परक्यांच्या लेकी ओढून काढीत होत्या, आणि त्याच कामात त्यांना त्यांचा प्रभू भेटे.

खेड्यातल्या बाईला समजेल असे बायबल हवे म्हणून उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. सोप्या मराठीत त्यांनी स्वतः भाषांतर सुरू केले, आणि खिळे जुळविणाऱ्या व छापणाऱ्या मुक्तीतल्याच मुली.

ते काम संपत आले असता 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. शारदा सदनाची शाळा त्या पाहत, आणि आईमागे मुक्तीही त्याच सांभाळणार होत्या. सगळी माणसे गेल्यावर उरलेले हे एकच माणूस होते. रमाबाईंनी तेही दुःख गिळले आणि मुद्रिते तपासायला बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 साली छापून झाले.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. मुक्ती तेथे अजून आहे, आणि निराधार बायका व मुली आजही तेथे राहतात.