भाडं १९ रुपयांवरून दीड रुपयावर आलं आणि जमशेदजी टाटांची जहाजं बंद पडली

जमशेदजी टाटा म्हटलं की ताज हॉटेल आठवतं, जमशेदपूर आठवतं, फार तर बंगळुरूची इन्स्टिट्यूट. पण या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग गेला कापसात आणि सुतात. आज मोबाइलपासून दिवाळीच्या माळांपर्यंत सगळ्यावरून जो वाद होतो, की इथं बनलेलं घ्यायचं की बाहेरून आलेलं स्वस्त घ्यायचं, त्याचा हिशोब ते शंभरहून जास्त वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशानं मांडत होते. त्यात एक-दोनदा चांगलेच तोंडावर आपटलेही.

जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झालं आणि १८५९ मध्ये वडिलांच्या धंद्यासाठी ते हाँगकाँगला गेले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या अनेक व्यापाऱ्यांसोबत टाटाही बुडाले. जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होते.

इंग्लंडमधल्या मुक्कामात त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या पाहिल्या. कापूस आपला. तो बोटीनं तिकडे जायचा, कापड होऊन परत यायचा आणि दोन्ही वेळचं भाडं, वर साहेबाचा नफा धरूनही इथल्या हातमागापेक्षा स्वस्त पडायचा. गरीब माणूस तेच कापड घ्यायचा. घेणारच ना.

जमशेदजींनी १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडीत तेलाची गिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली आणि दोन वर्षांत नफ्यात विकली. मग त्यांनी नागपूर गाठलं. बाकी सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना हा माणूस विदर्भात का चाललाय, हे भल्याभल्यांना कळेना. पण कापूस तिथं पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, जमीनही स्वस्त होती. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्यावरून हे नाव.

गंमत बघा. त्याच निमित्तानं भरलेल्या दिल्ली दरबारात पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादीचे कपडे घालून हजर होते. काकांचं म्हणणं होतं की महाग पडलं तरी देशी वापरा. जमशेदजींना मात्र देशी माल स्वस्तात आणि चांगला बनवून दाखवायचा होता. आणि त्यासाठी लागणारी यंत्रं ते विलायतेतूनच मागवत होते!

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली आणि तिचं नाव ठेवलं स्वदेशी मिल. वंगभंगाची चळवळ यायला अजून जवळपास वीस वर्षं होती. इंग्लंडसारखं बारीक सूत आणि तलम कापड इथं काढायचं, ही योजना. पण यंत्रं जुनाट निघाली, चीनच्या बाजारातून सुताबद्दल तक्रारी आल्या, शेअर गडगडले. नाव स्वदेशी आहे म्हणून खराब सूत कुणी घेत नव्हतं. जमशेदजींनी एम्प्रेस मिलमधले आपले शेअर विकून पैसा उभा केला, नागपूरहून माहितगार माणसं कुर्ल्याला आणली, यंत्रं बदलली. काही वर्षांनी त्याच गिरणीचं सूत चीनमध्ये चढ्या भावानं जाऊ लागलं.

सूत चांगलं झालं, पण ते चीनला न्यायचं भाडं परवडेना. या मार्गावर ब्रिटिशांच्या पी अँड ओ कंपनीचा दबदबा होता. टनाला १९ रुपये भाडं, आणि सवलत मिळायची ती काही निवडक बड्या पेढ्यांना. १८९३ मध्ये जमशेदजी जपानला गेले आणि त्यांनी निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी करार केला. जपानी म्हणाले, निम्मी जोखीम तुम्ही घ्या. जमशेदजींनी जहाजं भाड्यानं घेतली, टाटा लाइन सुरू केली आणि टनाला १२ रुपये दर लावला. मुंबईच्या गिरणीवाल्यांनी पाठिंब्याचा शब्द दिला होता.

पी अँड ओनं दर उतरवला. किती? टनाला दीड रुपया! जपानचा कापूस तर फुकट न्यायची तयारी दाखवली. शब्द दिलेले व्यापारी एकेक करून तिकडे वळले. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण बाराला मिळणारी गोष्ट दीडला मिळाली तर कोण सोडेल? टाटा लाइन काही महिन्यांत बंद पडली आणि स्पर्धक गेल्यावर पी अँड ओचे दर पुन्हा चढले. दीड रुपयाचं भाडं टाटांना बाजारातून काढण्यापुरतंच होतं.

सरकारचंही तेच. विलायती कापडावर थोडीशी जकात बसली, तशी लँकेशायरनं ओरड केली. म्हणून १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लागला. म्हणजे आपल्याच देशात बनवायचं आणि परक्या मालाइतकाच कर भरायचा. हा कर थेट १९२५ च्या डिसेंबरमध्ये थांबला.

पोलादाचं स्वप्न जमशेदजींनी पाहिलं ते चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दलचा एक अहवाल वाचून. कोळसा जुळला नाही, ते काम मागं पडलं. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. कारखान्यासाठी लंडनमध्ये भांडवल मिळेना, तेव्हा १९०७ मध्ये सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते उभं केलं. १९१२ मध्ये पोलाद निघालं.

पण पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमचं स्वस्त पोलाद इथं येऊन पडलं आणि कारखाना बंद पडायच्या बेतात आला. पगार भागवायला मुलगा दोराबजींनी बायकोच्या हिऱ्यासकट आपली मालमत्ता गहाण ठेवली. १९२४ मध्ये सरकारनं आयात पोलादावर संरक्षक जकात लावली. कारखाना वाचला. पण घरावरचे पत्रे आणि शेतीची अवजारं महागणार, कारखान्याचा भार गरिबानं का उचलायचा, ही टीका तेव्हाही झाली होती. ती चुकीची नव्हती.

नागपूरची एम्प्रेस मिल आता नाही. तिच्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल आहे. कुर्ल्याची स्वदेशी मिलही बंद झाली, पण चुनाभट्टीत तिच्या नावाचा रस्ता अजून आहे.