रत्नागिरीचे राजबंदी : थिबा राजे

ब्रह्मदेशाचे अखेरचे राजे थिबा यांना इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये सहकुटुंब रत्नागिरीस आणून ठेवले. तरुणपणी विहारात धर्माध्ययन केलेल्या या राजाच्या नशिबी परमुलखातील पहारा आला. धाकटी राजकन्या येथेच जन्मली. चौघी राजकन्या मराठी बोलू लागल्या. तनखा अपुरा पडे, तेव्हा सोबत आणलेली रत्ने विकून घर चाले. १९१० मध्ये खाडीकाठच्या टेकडीवर राजवाडा उभा राहिला. मात्र स्वदेशाची वाट अखेरपर्यंत बंदच राहिली. १९१६ मध्ये राजांनी देह ठेवला. पार्थिव मायदेशी नेण्याची राणी सुपयालत यांची विनंती सरकारने नाकारली. १९१९ मध्ये कुटुंब परतले. राजे मात्र रत्नागिरीच्या मातीतच चिरविश्रांती घेत आहेत.