सेना न्हावी

आपल्या बुलढाणे जिल्ह्यांत आठवड्याच्या बाजारीं कडुलिंबाच्या सावलींत धोकटी उघडून बसलेला न्हावी तुम्हीं पाहिला असेल. वऱ्हाडांत त्याला म्हाली म्हणतात. त्याच्यापुढें उकिडवा बसलेला शेतकरी डोळे मिटतो, मान वर करतो आणि धारदार पोलादापुढें आपला गळा निःशंकपणें उघडा करून देतो. राजे लोक आपल्या प्रधानावरहि ठेवीत नसत इतका विश्वास ते आपल्या न्हाव्यावर ठेवीत. असें असूनहि न्हावी हा शब्द आपल्या वर्गांतील मुलें एकमेकांस चिडविण्यासाठीं वापरतात, हें आम्हीं स्वतःच्या कानांनीं ऐकलें आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठीं एक चरित्र लिहून द्यावें असें ठरलें तेव्हां आम्हीं एखाद्या सेनापतीचें किंवा संशोधकाचें न घेतां सेना न्हावी यांचें घेतलें.

सेनाजींच्या काळाविषयीं व गांवाविषयीं निरनिराळ्या परंपरा आहेत. उत्तरेकडील परंपरेप्रमाणें ते बांधवगडच्या राजाच्या पदरीं होते व स्वामी रामानंदांच्या शिष्यमंडळींत त्यांची गणना होते. हा बांधवगड आज मध्य प्रदेशांतील उमरिया जिल्ह्यांत असून तेथील अरण्य वाघांकरितां प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्यांना पंढरीचे वारकरी मानतो. त्यांच्या नांवावर मराठी अभंग आहेत व त्यांत ज्ञानदेवांविषयीं फार आदर दिसतो. गुरु अर्जनदेवांनीं १६०४ सालीं सिद्ध केलेल्या शिखांच्या ग्रंथसाहेबांतहि सेनाजींचें एक पद धनाश्री रागांत आहे. तें आरतीच्या स्वरूपाचें असून त्यांत रामानंदांचें नांव आदरानें आलें आहे. ज्या देशांत धंद्यावरून माणसाची किंमत होई, त्या देशांत एका न्हाव्याचें पद धर्मग्रंथांत आदरानें ठेवलें जावें, ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि लढाईच्या विजयाहून लहान वाटत नाहीं.

आतां सेनाजींच्या नित्याच्या कामाकडे वळूं, कारण तें समजल्यावांचून पुढील कथेची गोडी कळावयाची नाहीं. दाढी करणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. कोरडा केस राठ असतो. तो पाण्यांत भिजला म्हणजे फुगतो, मऊ होतो व मगच वस्तऱ्यास वश होतो. म्हणून कसबी न्हावी वस्तरा उघडण्यापूर्वीं बोटांनीं पाणी चोळून चोळून दाढींत मुरवितो. जो या कामीं घाई करतो त्याच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून तें पाणी पुढें निघतें! वस्तरा आधीं दगडावर व मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. दगड धार पाडतो आणि चामडें ती सरळ व गुळगुळीत करतें. डाव्या हाताच्या बोटांनीं कातडी ताणून धरावयाची आणि पातें गालावर किंचित् कलतें ठेवावयाचें. तें फार उभें धरलें तर कातडी खरवडली जाते आणि अगदींच निजविलें तर केस कापला न जातां ओढला जातो. पहिला हात केसांच्या वळणानें, मग पुन्हां पाणी लावून दुसरा हात आडवा. हनुवटीखालीं हें वळण बदलतें, तेथें वस्तऱ्याचीहि दिशा बदलावी लागते. घांटीवर वस्तरा असतां समोरच्यानें आवंढा गिळला, तर त्याच क्षणीं हात उचलला गेला पाहिजे. शेवटीं तुरटी. नुसत्या हलक्या हातानें खुंट राहतात, नुसत्या जोरानें गालाची आग होते. गाल तळहातासारखा गुळगुळीत व्हावा आणि आगहि होऊं नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधणें ही खरी विद्या. १९०४ सालीं अमेरिकेंत किंग जिलेट यांना सुरक्षित वस्तऱ्याचें पेटंट मिळालें आणि पुष्कळ लोक घरींच दाढी करूं लागले. तथापि पाणी मुरविणें व वळण ओळखणें यांतून त्यांचीहि सुटका झाली नाहीं.

सेनाजी या विद्येंत निपुण होते, आणि राजाला त्यांच्यावांचून दुसऱ्याचा हात चालत नसे. ताहराबादच्या महीपतींनीं १७६२ सालीं रचलेल्या भक्तविजय ग्रंथांत त्यांची जी कथा आहे ती महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. एके दिवशीं सेनाजी घरीं पूजेंत निमग्न असतां राजाचें बोलावणें आलें. ते उठले नाहींत. पुन्हां बोलावणें आलें, तरी उठले नाहींत. न्हावी घरांत असूनहि येत नाहीं हें ऐकून राजा संतापला. त्या काळीं राजाच्या संतापाचा अर्थ काय होता हें सांगावयास नको. चाकरी तर जावयाचीच, परंतु प्राणहि जावयाचा. इतक्यांत धोकटी काखेंत मारून न्हावी वाड्यांत हजर झाला. तो सेना नव्हता. भक्ताचें संकट पाहून प्रत्यक्ष पांडुरंगानें त्याचें रूप घेतलें होतें, असें कथा सांगते.

राजा रागानें फुणफुणत बसला. परंतु तो हात गालावरून फिरूं लागतांच त्याचा राग कोठल्या कोठें गेला. असें सुख त्याला पूर्वीं कधीं लाभलें नव्हतें. पुढें अंगास तेल लावण्याच्या वेळीं त्यानें सहज वाटींत पाहिलें, तों तेलांत चतुर्भुज मूर्तीचें प्रतिबिंब! वर पाहिलें तर आपला नेहमींचा न्हावी. राजा भांबावला, त्यानें प्रसन्न होऊन ओंजळभर होन दिले. न्हाव्यानें ते धोकटींत टाकले, धोकटी सेनाजींच्या घरीं खुंटीस अडकविली आणि तो अदृश्य झाला. मागाहून राजाचें बोलावणें पुन्हां आलें तेव्हां खरे सेनाजी भीतभीत वाड्यांत गेले. राजा तर सकाळचाच हात मागूं लागला! धोकटींत होन सांपडले तेव्हां सेनाजींना सर्व उमगलें. त्यांना आनंद झाला खरा, परंतु त्याहून अधिक दुःख झालें. आपल्या पायीं देवाला हातांत वस्तरा घ्यावा लागला, हें त्यांच्या जिवाला लागलें.

आम्ही ख्रिस्ती आहों. या चमत्काराचा निवाडा करण्यासाठीं आम्हीं लेखणी घेतलेली नाहीं. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. देवानें राजास आंधळें केलें नाहीं, वाड्यावर वीज पाडली नाहीं. त्यानें न्हाव्याचें काम केलें, आणि तें उत्तम केलें. राजाचें मन प्रथम पालटलें तें प्रतिबिंब पाहून नव्हे, तर हाताच्या मार्दवानें. कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारे प्रभु ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही कथा परकी वाटूं नये. अमेरिकन मराठी मिशनचे डॉक्टर जस्टिन ॲबट यांनाहि ती परकी वाटली नसावी. त्यांनीं आपल्या उतारवयांतील वर्षें महाराष्ट्राच्या संतचरित्रांचें इंग्रजी भाषांतर करण्यांत घालविलीं. पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्यानें केलेलें भक्तविजयाचें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ सालीं प्रसिद्ध होऊं लागलें.

तथापि लहानपणीं ही कथा प्रथम ऐकली तेव्हां आम्हांस ती कडू लागली होती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. आमचे आजोबा ज्या वस्तींत वाढले तेथें गांवचा न्हावी येत नसे. वस्तीतील माणसें ख्रिस्ती झालीं तरी गांवाच्या दृष्टीनें तीं पूर्वींचींच राहिलीं. देव राजासाठीं धोकटी उचलतो, मग आमच्या वस्तीकडे तो कां वळला नाहीं, असें आम्हीं आजोबांस विचारलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. एक हकीगत सांगितली. तो न्हावी वाईट माणूस नव्हता. त्याचें पोट खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्याच्या ज्वारीवर होतें, आणि या वस्तीस हात लावला असता तर त्या वर्षीं एकाहि खळ्यावर त्याला उभें करण्यांत आलें नसतें. सेनाजींना एका राजाची भीति होती. त्याला साऱ्या गांवाची. एके रात्रीं तो अंधारांतून आला, आपला जुना झिजलेला वस्तरा आजोबांच्या हातांत ठेवला, तो कसा धरावा हें कंदिलाच्या उजेडांत स्वतःच्या गालावर दाखविलें आणि निघून गेला. पुढें अनेक वर्षें वस्तीची दाढी आजोबांनींच केली.

सेनाजींनीं आपला धंदा लपविला नाहीं. त्यांच्या नांवावरील एका प्रसिद्ध अभंगांत न्हाव्याच्या आरशाला ते विवेक म्हणतात, चिमट्याला वैराग्य म्हणतात, डोकें भिजविणाऱ्या पाण्याला शांति म्हणतात. आणि अखेरीस चारी वर्णांना आपण हात दिला असें सांगून स्वस्थ होतात. ब्राह्मणापासून शूद्रापर्यंत सर्वांस एकाच धोकटींतून सेवा, हें त्या काळीं मोठेंच बोलणें होतें. परंतु त्या चारांच्या बाहेर जे होते त्यांचें काय, हा प्रश्न आमच्या मनांतून अजून गेलेला नाहीं; आणि सेनाजींविषयींच्या आदरामुळें तो दाबून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

त्यांच्या धंद्याच्या लोकांनीं एकदां फार मोठें धैर्य दाखविलें. विधवांचें केशवपन करण्याची रूढि तेव्हां उच्चवर्णीय घरांत चालू होती व तें काम न्हाव्यांकडून करविलें जाई. १८९० सालीं मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें न्हाव्यांची सभा भरली आणि आपण यापुढें हें काम करणार नाहीं असें तिनें ठरविलें. ज्यांच्या घरून पैसा यावयाचा त्यांनाच नकार देणें सोपें नव्हतें. राजाचें बोलावणें आलें असतां न उठणाऱ्या सेनाजींची आम्हांस येथें आठवण होते.

श्रावण वद्य द्वादशीस महाराष्ट्रांतील नाभिक समाज सेनाजींची पुण्यतिथि पाळतो. आतां बाजारांतील न्हावी बहुधा प्रत्येक गिऱ्हाइकास नवें अर्धें पातें लावतो. दगड व चामड्याचा पट्टा क्वचित्च दिसतो. आजोबांचा तो वस्तरा आमच्या घरीं अजून आहे. त्याचें पातें झिजून करंगळीहून अरुंद झालें आहे; परंतु गेल्या नाताळांत आम्हीं तो दगडावर व मग चामड्यावर फिरविला, दाढींत भरपूर पाणी मुरविलें आणि त्यानेंच दाढी केली. गालास ओरखडा आला नाहीं.