मदुरा पायाचे कोडे उलगडणारे डॉ. कार्टर

बाभळीचा काटा पायात मोडणे ही शेतकऱ्यासाठी रोजचीच गोष्ट. काटा निघतो, माणूस विसरून जातो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच जागी टणक गाठ येते. ती फारशी दुखत नाही, त्यामुळे काम थांबत नाही. हळूहळू पाय सुजतो, फोड येऊन फुटतात, छिद्रे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येऊ लागतात. हाच ‘मदुरा पाय’, म्हणजे मायसेटोमा. हे वैद्यकीय नाव ज्यांनी रूढ केले, त्या डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या आयुष्याचा मोठा भाग मुंबई आणि साताऱ्यात गेला.

कार्टर यांचा जन्म 1831 सालचा, इंग्लंडमधला. वडील चित्रकार होते. रेषेवरची पकड मुलाकडेही आली. लंडनला वैद्यकीय शिक्षण झाल्यावर त्यांनी हेन्री ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथासाठी चित्रे काढली. 1858 मध्ये निघालेला हा ग्रंथ ‘ग्रेज ॲनाटॉमी’ म्हणून जगभर गाजला, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. कार्टर यांना मात्र विक्रीतला वाटा मिळाला नाही. पुस्तक बाजारात आले त्याच वर्षी ते मुंबईत नोकरीला आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले.

सूज आणि छिद्रे असलेला असा पाय दक्षिणेतल्या मदुरेच्या डॉक्टरांनी 1840 च्या दशकातच नोंदवला होता. पण तो कशामुळे होतो, हे कळत नव्हते. रोग हाडापर्यंत पोहोचला की पाय कापावा लागे. असे कापलेले पाय कार्टर यांनी बारकाईने तपासले. त्यातले काळे आणि फिकट दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि ही बुरशी असल्याचे 1860 च्या सुमारास मांडले. रोग हवेतून किंवा रक्तदोषातून नव्हे, तर बाहेरून शिरलेल्या सजीवामुळे होतो, हे म्हणण्याचा तो काळ नव्हता. जंतूंमुळे रोग होतात, ही कल्पना तेव्हा वैद्यकात रुजायची होती. पुढे असे दिसून आले, की काही रुग्णांत हे दाणे बुरशीचे नसून जिवाणूंचे असतात. तरीही दाणा तपासा, हा त्यांनी घालून दिलेला धडा आजही निदानाचा पाया आहे.

1863 पासून ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. खेड्यापाड्यांतले कुष्ठरोगी त्यांनी पाहिले. पुढे नॉर्वेला जाऊन तिथली कुष्ठरुग्णालये अभ्यासली, परतल्यावर काठेवाडातल्या कुष्ठरोगाचा अभ्यास केला. 1874 मध्ये मायसेटोमावर त्यांचा ग्रंथ निघाला.

1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसे मुंबईत आली. त्यांच्यात ताप पसरला. हा ताप उतरे आणि काही दिवसांनी परत चढे. नेहमीचा हिवताप म्हणून तो सहज खपला असता. कार्टर यांनी रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यात वळवळणारे मळसूत्री जंतू दाखवले. हा उवांमार्फत पसरणारा पुनरावर्ती ताप होता. अभ्यास करता करता कार्टर यांनाही तो जडला. बरे होऊन त्यांनी काम चालू ठेवले आणि 1882 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. 1888 मध्ये ते निवृत्त झाले. 1897 मध्ये क्षयाने स्कारबरो इथे त्यांचे निधन झाले.

ज्यांच्यामागे ते लागले ते सगळे आजार गरिबांचे होते. अनवाणी शेतकरी, गावाबाहेर काढलेला कुष्ठरोगी, दुष्काळात घर सोडलेला मजूर. अशा माणसाला डॉक्टरपर्यंत पोहोचायला उशीर होतो, आणि पोहोचला तरी आजार ओळखला जाईलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला तो 2016 मध्ये, कार्टर यांच्या पहिल्या निबंधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

मुंबईच्या उपनगरांत बांधकामावर किंवा रखवालीला आलेल्या अनेकांच्या पायांनी वर्षानुवर्षे शेत तुडवलेले असते. न दुखणारी सूज, छिद्रे आणि दाणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, की मायसेटोमाची शंका घ्यावी. हाडाचा क्षय किंवा गाठीचा कर्करोग समजून उपचार चुकण्याची शक्यता असते. दाणे किंवा गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून बुरशी आहे की जिवाणू, हे ठरवावे लागते, कारण दोन्हींची औषधे वेगळी आहेत. जिवाणूंचा मायसेटोमा प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. बुरशीच्या प्रकाराला औषधे अनेक महिने लागतात, कधी शस्त्रक्रियाही. गाठ लहान असतानाच दाखवली, तर पाय वाचण्याची शक्यता मोठी असते. आणि शेतात जाताना पायात बूट किंवा जाड तळव्याची चप्पल असली, तर काटा आत शिरण्याची वेळच सहसा येत नाही.