रक्तगटांचे जनक आणि शरीराचा आपपरभाव

वसई-विरारमधील एखाद्या शिबिरात रक्त देणाऱ्याच्या कार्डावर ‘बी पॉझिटिव्ह’ असे लिहिले जाते. त्यातले ‘बी’ आणि ‘पॉझिटिव्ह’ या दोन्हींच्या शोधात एकाच माणसाचा हात होता, तो म्हणजे कार्ल लँडस्टायनर. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, हाच जागतिक रक्तदाता दिन.

लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ मध्ये ऑस्ट्रियात झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने त्यांना वाढवले. १८९१ मध्ये व्हिएन्नात ते डॉक्टर झाले. पण त्यांची ओढ रुग्ण तपासण्यापेक्षा रसायनशास्त्राकडे होती.

त्या काळी रक्त चढवणे हा जुगार होता. कधी रुग्ण वाचे, कधी तडकाफडकी दगावे. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, एकाचे सीरम दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळले आणि गुठळ्या कुठे होतात ते पाहिले. १९०१ मध्ये त्यांनी तीन गट जाहीर केले. चौथा, एबी, पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या प्रयोगांत एक शिस्त दिसली. कुणाचेही सीरम स्वतःच्या तांबड्या पेशींवर उलटत नव्हते.

शरीर स्वतःवर हल्ला करणे टाळते, असे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक त्याच सुमारास मांडत होते. पण १९०४ मध्ये लँडस्टायनर आणि ज्युलियस डोनाथ यांना याला अपवाद सापडला. काही रुग्णांना थंडी बाधली की लघवी लाल होई. त्यांच्याच रक्तातले प्रतिपिंड थंडीत स्वतःच्या तांबड्या पेशींना चिकटत आणि शरीर पुन्हा ऊबदार झाले की त्या पेशी फुटत. शिस्त मोडू शकते, याचा हा पहिला ठोस पुरावा होता.

ही शिस्त कशी राखली जाते, हे कळायला पुढे अनेक दशके लागली. प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात. प्रत्येकीचा ग्राहक रेणू योगायोगाने घडतो, त्यामुळे काही पेशी आपल्याच शरीराला ओळखणाऱ्या निघतात. त्यांतल्या काहींना ग्राहक बदलण्याची संधी मिळते, काही मरतात, तर काही निष्क्रिय होतात. तरीही काही निसटतात. त्यांना आवर घालणारी यंत्रणा ढासळली, तर ल्युपससारखे आजार उद्भवू शकतात.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची वाताहत झाली. लँडस्टायनर हेगला आणि तिथून न्यूयॉर्कला गेले. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी आरएच घटक जाहीर केला. १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शिस्तीचा एक विलक्षण दाखला १९५२ मध्ये मुंबईने दिला. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा घटक भरपूर असतो, म्हणून अशा व्यक्ती त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवत नाहीत. बॉम्बे गटात ‘एच’च नसतो; शरीराला तो परका वाटतो आणि प्रतिपिंड तयार होतात. साध्या चाचणीत हा गट ‘ओ’ वाटतो. पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच रक्त चढवण्याआधी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहतात. ती चाचणीही लँडस्टायनर यांच्या त्याच प्रयोगाचे रूप आहे.